हजार अंशांच्या वाटेवरची झडप

प्रश्न : हैदराबादजवळच्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात काम करतो. आमच्याकडे गरम वायूच्या नळावर एक मोठा वॉल्व्ह आहे. आतला वायू हजार अंशांच्या पुढे असतो. वॉल्व्हच्या पोटातून रात्रंदिवस पाणी फिरते आणि बाहेर पडणारे पाणी जेमतेम कोमट लागते. इतक्या आगीत लोखंड टिकते कसे? पाण्याची वाफ का होत नाही? एवढे पाणी फिरवत बसण्यापेक्षा आग सोसणाराच धातू वापरला तर चालणार नाही का? आणि आमच्या भागात पाण्याची टंचाई असताना हे परवडते कसे?
— एक वाचक, हैदराबाद

उत्तर : तुमचे चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकेक सोडवत जाऊ. थोडक्यात उत्तर आधी देतो. तापलेला वायू धातूला जितकी उष्णता देऊ शकतो, त्याच्या कितीतरी पट उष्णता वाहते पाणी त्याच वेळात उचलू शकते. या ओढाताणीत पाणी जिंकते आणि धातूचे तापमान वायूच्या जवळ न जाता पाण्याच्या जवळ राहते. पाणी जिंकत आहे तोवर झडप सुरक्षित असते. पुढे जे काही सांगणार आहे, ते पाण्याला जिंकत कसे ठेवायचे याविषयीच आहे. तापमानाचे सगळे आकडे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

अशी झडप लागते कुठे?

सर्वांत जुने आणि सर्वांत कठीण ठिकाण म्हणजे लोखंडाची झोतभट्टी. भट्टीत थंड हवेऐवजी तापवलेली हवा फुंकली तर इंधन खूप वाचते. ग्लासगोच्या जेम्स बोमाँट नील्सन यांनी १८२८ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे १८५७ मध्ये एडवर्ड आल्फ्रेड काउपर यांनी विटांच्या जाळीने भरलेल्या उंच स्टोव्हचे पेटंट घेतले. आजच्या भट्ट्याही त्याच तत्त्वावर चालतात. एका भट्टीला असे तीन-चार स्टोव्ह असतात. भट्टीतूनच निघालेला वायू एका स्टोव्हमध्ये जाळून आतल्या विटा तापवतात. विटा पुरेशा तापल्या की ज्वाला बंद करून त्यांच्यामधून हवा सोडतात. ती १,००० ते १,२५० अंशांची होऊन भट्टीत शिरते, आणि तेवढ्या वेळात दुसरा स्टोव्ह तापत असतो. पाळी बदलली की स्टोव्ह आणि भट्टी यांच्यामधली झडप उघडावी किंवा मिटावी लागते. कारखान्यात तिला हॉट ब्लास्ट वॉल्व्ह म्हणतात.

मिटलेली असली तरी या झडपेला विश्रांती नसते. तिच्या एका अंगाला दाबाखालची तापलेली हवा असते, तर दुसऱ्या अंगाला स्टोव्हमध्ये वायू जळत असतो. मधून हवा निसटू द्यायची नाही आणि पुढच्या पाळीला विनातक्रार उघडायचे, अशी दुहेरी जबाबदारी तिच्यावर असते.

रायगड जिल्ह्यातल्या डोलवीला झोतभट्ट्या आहेत. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या आणि आज कर्नाटकात असलेल्या कोप्पळजवळ किर्लोस्कर फेरसच्या भट्ट्या आहेत. खुद्द हैदराबादचा उद्योग वेगळ्या वाटेने वाढला, तरी तापलेल्या वायूशी त्याचाही रोजचा संबंध येतो. पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या आर्क भट्टीतून निघणारा वायू इतका तापलेला असतो की त्याचा पहिला नळच पाणी खेळवलेल्या भिंतींचा करावा लागतो. तांडूर भागातल्या सिमेंट कारखान्यांत भट्टीकडून येणाऱ्या तप्त हवेच्या वाटेवर डॅम्पर, म्हणजे प्रवाह कमीजास्त करणाऱ्या झडपा, बसवलेले असतात. भेलच्या हैदराबादेतील संशोधन केंद्राने जास्त राख असलेल्या भारतीय कोळशापासून मिथेनॉल बनवणारा पथदर्शी प्रकल्प उभारला आणि जानेवारी २०२२ मध्ये तो राष्ट्राला अर्पण झाला. दिवसाला १.२ टन कोळशाचे वायूकरण आणि त्यातून पाव टन मिथेनॉल, अशी त्याची क्षमता. कोळशाच्या अशा वायूकरणात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा तप्त, धुळीने भरलेला वायू हाताळावा लागतो. उद्योग कोणताही असो, तप्त वायूला अडवायचे किंवा वाट द्यायची तर झडप हवीच.

लोखंड वितळणार नसेल तर भीती कशाची?

शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळते आणि साध्या पोलादाचा वितळणबिंदू त्याच्या थोडा खाली असतो. म्हणजे १,१०० अंशांच्या वायूत पोलाद वितळणार नाही, हे खरे. पण निकामी व्हायला वितळावेच लागते असे नाही. साधारण ५५० ते ६०० अंशांच्या आसपास साध्या पोलादाची ताकद निम्म्यावर येते. त्याच्याही वर ते भाराखाली हळूहळू ताणले जाऊन आपला आकार सोडू लागते. हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागाच्या खपल्या काढत राहतो.

झडपेसाठी सर्वांत घातक गोष्ट मात्र प्रसरणाची. एक मीटर व्यासाची पोलादी तबकडी हजार अंशांनी तापली तर तिचा व्यास बारा मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढतो. तबकडी जिथे टेकते त्या बैठकीत एखाद्या मिलिमीटरची फटही चालत नाही. शिवाय तबकडी सगळीकडून सारखी तापत नाही, त्यामुळे ती पिळवटते. पिळवटलेली तबकडी एकतर बैठकीत अडकून बसते, नाहीतर गळत राहते. पाणी झडपेला वितळण्यापासून वाचवतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते तिचा आकार जपते.

मग धातू थंड राहतो कसा?

एक ढोबळ हिशेब करून पाहू. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यातून चित्र खरे दिसते.

वायू १,१०० अंशांचा आहे आणि पाणी सरासरी ४० अंशांचे. मध्ये १० मिलिमीटर जाडीची पोलादी भिंत आहे. वायूतून धातूकडे येणारी उष्णता पृष्ठभागाला चिकटलेल्या, जवळजवळ स्तब्ध अशा पातळ थरातून येते, आणि वायू हा उष्णतेचा वाईट वाहक. तापलेल्या वायूतून आणि विटांतून किरणांनी येणारी उष्णता धरूनही एका चौरस मीटरवर, तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला सुमारे १५० वॅट येतात असे समजा. वेगाने वाहणारे पाणी त्याच मापाने सुमारे ५,००० वॅट उचलते. हा फरक तेहेतीस पटींचा आहे.

आता १,१०० पासून ४० पर्यंतचा १,०६० अंशांचा उतार कुठे कुठे खर्च होतो ते पाहा. सुमारे ९९७ अंश वायूच्या त्या पातळ थरातच संपतात. पोलादाच्या भिंतीत ३३ अंश जातात आणि पाण्याच्या थरात ३० अंश. म्हणजे आगीकडचा धातूचा पृष्ठभाग १०३ अंशांवर राहतो आणि पाण्याकडचा ७० वर. आगीच्या तोंडाशी उभे असलेले पोलाद जेमतेम उकळत्या पाण्याइतके तापलेले असते.

पोलादाऐवजी तांबे वापरले तर? तांबे पोलादाच्या आठ-नऊ पट चांगले उष्णतावाहक आहे. तरी या उदाहरणात आगीकडचा पृष्ठभाग १०३ वरून ७५ अंशांपर्यंतच उतरतो. जिथे उष्णतेचा मारा याहून कितीतरी तीव्र असतो, उदाहरणार्थ भट्टीत हवा फुंकणाऱ्या नळकांड्यांच्या टोकाशी, तिथे तांब्याला पर्याय नाही. पण झडपेच्या बाबतीत धातू बदलून जेवढे मिळते त्याहून जास्त पाण्याची नीट निगा राखून मिळते.

पाणी उकळत का नाही?

कारण त्याला थांबू दिले जात नाही. पाणी ३५ अंशांना आत शिरते, उष्णता उचलते आणि ४५ अंशांच्या आसपास बाहेर पडते. दाबाचाही उपयोग होतो. निर्वातापासून मोजलेल्या चार बार दाबाखाली पाणी १४४ अंशांना उकळते.

भिंतीलगत कुठे जास्त उष्णता आली तर तिथे बारीक बुडबुडे उठतात. ते भिंतीवरून सुटून प्रवाहात विरून जात असतील तर काळजी नको, उलट भिंतीजवळचे पाणी ढवळले जाऊन ते मदतच करतात. धोका त्याच्या पुढच्या पायरीवर आहे. चांगल्या तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडले तर थेंब लगेच उडून न जाता नाचत राहतात, कारण थेंब आणि तवा यांच्यामध्ये वाफेचा पडदा तयार होतो. योहान गोटलोब लायडनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये या घटनेचे वर्णन केले. झडपेच्या आतल्या भिंतीवर असा वाफेचा अखंड पडदा पसरला तर पाणी समोर असूनही धातूला शिवत नाही. मग भिंतीचे तापमान काही क्षणांत शेकडो अंशांनी चढते आणि तिथेच भोक पडते.

म्हणून झडपेच्या पोटात पाण्याची वाट आखून दिलेली असते. आत आडवे पडदे किंवा वळणे घालून पाण्याला प्रत्येक कोपऱ्यातून वेगाने जायला भाग पाडतात. पाणी खालून आत घेतात आणि वरून बाहेर काढतात, म्हणजे हवा किंवा वाफ वरच्या कोपऱ्यात कोंडून राहत नाही. जिथे पाणी साचून राहते तिथेच झडप जळते, असे अनुभवी फिटर सांगतात, आणि शास्त्रही तेच सांगते.

आग सोसणारा धातूच का वापरत नाहीत?

या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर तुमच्याच शहरात, कांचनबागेत आहे. तिथे १९७३ मध्ये स्थापन झालेली मिश्र धातू निगम, म्हणजे मिधानी, निकेलचे सुपरअलॉय, टायटॅनियमचे मिश्रधातू आणि खास पोलादे तयार करते. विमानाच्या इंजिनात आणि क्षेपणास्त्रांत लागणारे, प्रखर उष्णतेत टिकणारे हे धातू. ते अधिक शुद्ध करण्यासाठी निर्वात आर्क भट्टीत पुन्हा वितळवतात. त्या भट्टीची मूस तांब्याची असते. टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळते आणि तांबे १,०८५ अंशांनाच. तरी वितळलेले टायटॅनियम तांब्याच्या मुशीत राहते, कारण मुशीच्या बाहेरून पाणी वेगाने फिरत असते. मुशीला टेकणारा टायटॅनियमचा थर लगेच गोठतो आणि तांबे शाबूत राहते. उष्णता सोसणारे धातू जिथे घडतात तिथली भट्टीसुद्धा पाण्याच्या भरवशावर उभी आहे.

सुपरअलॉय झडपेलाही वापरता येतात. पण ते फार महाग असतात आणि १,१०० अंशांत तेही ताकद गमावतात. शिवाय तापल्यावर प्रसरण पावायचे ते पावतातच, त्यामुळे बैठकीतल्या फटीचा प्रश्न शिल्लक राहतो.

व्यवहारात दुसरे चार उपाय जास्त चालतात. पहिला, शक्य असेल तर झडप आगीच्या वाटेवर ठेवायचीच नाही. आधी वायू थंड करायचा आणि मग त्याला अडवायचे. दुसरा, तबकडीच्या दोन्ही अंगांना उच्चतापसह काँक्रीटचा थर द्यायचा. त्यामुळे पाण्यावरचा भार बराच हलका होतो आणि हवेची महागडी उष्णताही वाया जात नाही. हॉट ब्लास्ट वॉल्व्हमध्ये हे अस्तर आणि पाणी दोन्ही जोडीने वापरतात. तिसरा, जिथे घट्ट मिटण्याची गरज नसते, नुसता प्रवाह कमीजास्त करायचा असतो, तिथे पाण्याशिवाय केवळ अस्तर लावलेला डॅम्पर पुरतो. सिमेंट कारखान्यांत असे डॅम्पर असतात. चौथा, पाण्याऐवजी दुसरा द्रव वापरायचा. विमानांच्या पिस्टन इंजिनांत एग्झॉस्ट वॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरतात. तो ९८ अंशांना वितळतो आणि आत हिंदकळत टोकाची उष्णता दांड्याकडे पोहोचवतो.

या चौथ्या उपायाची सर्वांत पुढची पायरीही हैदराबादेतच पाहायला मिळते. डीआरडीएल या संरक्षण प्रयोगशाळेने २५ एप्रिल २०२५ रोजी स्क्रॅमजेट या अतिवेगवान इंजिनाच्या दहनकक्षाची जमिनीवरची चाचणी १,००० सेकंदांहून अधिक काळ चालवली. त्याच्या भिंती थंड ठेवण्याचे काम त्याचे इंधनच करते. भिंतीतून जाताना इंधन उष्णता उचलते आणि मग आत जाऊन जळते. उचललेली उष्णता फुकट जात नाही, हा या युक्तीचा मोठा गुण.

हवेने थंड करण्याचा पर्यायही कोणी सुचवेल. पण एक घनमीटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता घेते, तेवढी घ्यायला सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा लागते. हवेने काम भागवायचे तर भलेमोठे पंखे, त्यांना वीज आणि जागा, हे सगळे आले.

जास्त थंड ठेवणे चांगले का?

नाही. इंधनात गंधक असेल तर जळून निघालेल्या वायूत गंधकाम्लाची वाफ असते. साधारण १२० ते १५० अंशांच्या खाली गेलेल्या पृष्ठभागावर ती दवासारखी जमते आणि धातू खाते. अशा वायूत पाण्याने थंड केलेली झडप अतिथंड ठेवली तर आगीपासून वाचते आणि आम्लाने मरते. म्हणून वायू कोणता आहे हे पाहूनच पाण्याचे तापमान ठरवावे लागते. कुठे मुद्दाम गरम पाणी फिरवतात, तर कुठे पाणी उकळू देऊन त्याची वाफ उपयोगात आणतात.

हैदराबादच्या पाण्यात वेगळे काय आहे?

तुमच्या कामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. हैदराबाद दख्खनच्या ग्रॅनाइटवर वसले आहे. शहराच्या भोवतालच्या अनेक औद्योगिक वसाहती बोअरवेलवर किंवा टँकरवर अवलंबून असतात, आणि खडकातल्या भेगांतून वर येणारे हे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. सिलिकाही असते.

साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते. कॅल्शियमच्या या क्षाराचे उलटे असते. पाणी तापले की विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारा चुनखडीचा पांढरा थर मागे राहतो. तो पाण्याच्या वाटेत सगळीकडे सारखा बसत नाही. भिंत जिथे सर्वांत जास्त तापलेली असते, म्हणजे जिथे पाण्याची सर्वांत जास्त गरज असते, तिथेच तो आधी आणि जाड बसतो.

आता मघाचाच हिशेब पुन्हा करू. चुनखडीच्या थराची उष्णतावाहकता पोलादाच्या साधारण पंचेचाळिसाव्या भागाइतकी धरली, तर एक मिलिमीटर थर म्हणजे पोलादाची भिंत पंचेचाळीस मिलिमीटरने जाड केल्यासारखे होते. आगीकडचा पृष्ठभाग १०३ अंशांवरून २२६ वर जातो. थर दोन मिलिमीटर झाला की तो ३२२ वर आणि तीन मिलिमीटर झाला की ४०० वर. पोलाद तेच, पाणी तेवढेच, वायूही तोच असतो. बदलतो फक्त थर. तीन मिलिमीटरला साधे पोलाद आपल्या सुरक्षित मर्यादेच्या काठावर येते आणि तबकडी पिळवटू लागते.

यात एक फसवी गोष्ट आहे. थर जाड झाला की पाण्यात कमी उष्णता उतरते. त्यामुळे बाहेर पडणारे पाणी आधीपेक्षा थोडे थंड लागते. नुसता तापमापक पाहणाऱ्याला वाटते, झडप आज छान थंड आहे. प्रत्यक्षात ती आतून तापत असते. पाणी किती आत गेले आणि किती तापून बाहेर आले, या दोन्हींची नोंद रोज ठेवली तरच हा बदल वेळेत लक्षात येतो. प्रवाह तोच असताना आत-बाहेरच्या तापमानातला फरक महिन्यामागून महिना कमी होत असेल, तर क्षार बसत आहेत असे समजावे.

उपाय माहीत असलेलेच आहेत. झडपेतून फिरणारे पाणी बंद मंडलात ठेवावे. ते क्षारमुक्त, म्हणजे डीएम वॉटर असावे किंवा निदान सॉफ्टनरमधून गेलेले असावे. हे पाणी पुन्हा थंड करायला उष्णता-विनिमयक वापरावा आणि कूलिंग टॉवरचे साधे पाणी त्याच्या पलीकडच्या अंगाने फिरवावे. मग क्षार बसलेच तर विनिमयकात बसतात. तो उघडून धुता येतो. झडपेचे पोट उघडून धुता येत नाही.

टंचाईच्या गावात हे परवडते कसे?

१९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादला उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव मिळाले. आज मात्र शहर मांजरा, कृष्णा आणि गोदावरीचे पाणी दुरून ओढून आणते. इथे पाण्याचा हिशेब द्यावाच लागतो.

एक मीटर व्यासाच्या तबकडीच्या दोन्ही अंगांनी मघाच्या मापाने उष्णता येत असेल तर ती साधारण २३५ किलोवॅट भरते. पाणी फक्त दहा अंशांनी तापू द्यायचे तर ताशी सुमारे २०,००० लिटर फिरवावे लागते, म्हणजे दिवसाला ४,८०,००० लिटर. माणशी रोज १३५ लिटर धरले तर हे साडेतीन हजार माणसांचे पाणी झाले. ते एकदा वापरून गटारात सोडणे हा गुन्हाच म्हणावा लागेल.

पण तेच पाणी कूलिंग टॉवरमधून थंड करून परत फिरवले तर चित्र पालटते. पाण्याचा थोडा भाग उडून जाताना उरलेल्याला थंड करतो. २३५ किलोवॅटसाठी ताशी सुमारे ३५० लिटर पाणी उडते. क्षार मात्र मागे राहून दाट होत जातात, म्हणून थोडे दाट पाणी काढून टाकून तेवढे ताजे घालावे लागते. त्याला ब्लोडाऊन म्हणतात. क्षार चौपट दाट होऊ दिले तर त्यासाठी ताशी आणखी सुमारे १२० लिटर धरावेत. दोन्ही मिळून दिवसाला अकरा-बारा हजार लिटर. पावणेपाच लाखांच्या जागी बारा हजार, हा फरक कोणत्याही कारखान्याला परवडतो. हे पाणी पिण्याचे असण्याचीही गरज नाही. नीट प्रक्रिया केलेले सांडपाणी टॉवरला चालते, आणि मोठ्या शहराजवळच्या कारखान्यांनी तेच वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणी अचानक थांबले तर?

वेळ फार थोडा असतो. त्याच झडपेच्या पोटात शंभर लिटर पाणी मावते असे धरा. प्रवाह थांबला की ते साधारण पावणेदोन मिनिटांत उकळू लागते. म्हणून वीज गेली तरी पाणी चालू राहील अशी सोय लागते. उंचावरच्या टाकीतून आपोआप उतरणारे पाणी आणि डिझेलवर चालणारा पंप या दोन्ही गोष्टी सुस्थितीत असायला हव्यात, आणि पाणी खरोखर चालू होते का हे ठरावीक दिवशी प्रत्यक्ष करून पाहिले पाहिजे.

तीन नियम पाठ असावेत. पहिला, वायू चालू असताना झडपेच्या पाण्याचे येण्याचे आणि जाण्याचे तोंड एकाच वेळी कधीही बंद करू नये. आत कोंडलेले पाणी वाफ होऊन झडप फोडते. एक लिटर पाण्याची साध्या दाबाला सुमारे १,७०० लिटर वाफ होते. दुसरा, पाण्याविना लाल झालेल्या झडपेत एकदम थंड पाणी सोडू नये. आधी वायू वळवावा आणि झडपेला आपोआप निवू द्यावे. तिसरा, गळतीची शंका आली तर लगेच कळवावे. आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी यांत तफावत दिसली तर ते पाणी वायूच्या वाटेत जात आहे. तापलेल्या कोळशावर पडलेल्या पाण्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन्ही जळणारे वायू निघतात. वितळलेल्या धातूखाली पाणी सापडले तर स्फोट होतो. पाण्याची गळती ही अशा कारखान्यात कधीच किरकोळ तक्रार नसते.

तुम्ही देखभाल विभागात आहात, म्हणून शेवटी तुम्हालाच सांगतो. झडपेची ऑर्डर देताना तिच्या धातूची जेवढी चौकशी होते तेवढीच तिच्या पाण्याची व्हायला हवी. पाण्याचा जडपणा दर आठवड्याला तपासून घ्या. प्रवाह आणि आत-बाहेरचे तापमान दर पाळीला वहीत लिहा, आणि आपत्कालीन टाकीचे पाणी दर महिन्याला एकदा प्रत्यक्ष सोडून पाहा. एवढे नियमाने केले तर साध्या पोलादाची झडपही वर्षानुवर्षे सेवा देते. हे टाळले तर कितीही महाग धातू तिला वाचवू शकत नाही.